मामांची रेवाल आणि हेक्लाच्या पायथ्याचा एक दिवस

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सारंगखेड्याला जाणे हा आमच्या घरचा नेम आहे. आधी एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यायचे आणि मग तापीकाठी भरलेल्या घोडेबाजारात दिवस मावळेपर्यंत हिंडायचे, हा क्रम माझ्या लहानपणापासून बदललेला नाही. असे असूनही वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत मी घोड्यावर बसलेलो नव्हतो. स्वतःच्या लग्नात ज्या घोड्यावरून मारुतीच्या देवळापर्यंत गेलो त्याचा लगाम घोडेवाल्याच्या हातात होता, त्यामुळे तो प्रवास मी हिशेबात धरत नाही.

घोड्याचे वेड होते ते माझ्या थोरल्या मामांना. जनावराच्या अंगावरचे भोवरे, गळ्याखालचा देवमण नावाचा शुभ भोवरा, चारही पायांचे पांढरे खूर आणि कपाळावरचा पट्टा हे सगळे ते दहा पावलांवरून वाचत असत. त्यांच्याकडे एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी होती, पंचकल्याण, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेली, आणि ती रेवाल चालत असे. रेवाल म्हणजे दुडकी नव्हे आणि दौडही नव्हे. घोडा वेगाने पुढे सरकतो, पण त्याच्या पाठीवरचा माणूस ओसरीवर बसल्यासारखा स्थिर राहतो. स्वाराच्या हातातल्या भरल्या पेल्यातले पाणी सांडत नाही तीच खरी रेवाल, असे मामा सांगत. १९८६ साली धाकट्या मावशीच्या लग्नासाठी ती घोडी त्यांनी सारंगखेड्याच्याच बाजारात विकली. त्यानंतर त्यांनी घोडा ठेवला नाही, मात्र बाजाराला जाणे एकही वर्ष चुकवले नाही. विकत काहीच घ्यायचे नसताना हा माणूस दरवर्षी चार चार दिवस तिथे काय करतो, हे कोडे मला पुष्कळ वर्षे होते.

गेल्या वर्षाआधीच्या जूनमध्ये, म्हणजे २०२४ साली, आम्ही उभयता मुलीकडे डेन्मार्कला गेलो होतो आणि तिथून तिने आम्हाला आठ दिवस आइसलँडला नेले. शहाद्यात पारा बेचाळीसच्या आसपास असताना आम्ही आठ अंशांच्या वाऱ्यात उभे होतो. धबधबे, हिमनद्या आणि वाफाळणारी जमीन पाहून झाल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, उद्याचा दिवस तुमचा." रेक्याविकच्या पूर्वेला नव्वदएक किलोमीटरवर हेल्ला नावाचे लहान गाव आहे, त्या परिसरातल्या एका शेतावर तिने दिवसभराच्या घोडेस्वारीची नोंदणी केली होती. पत्नीने अंगात कोट चढवता चढवता विचारले, "अहो, तुम्हाला जमेल ना?" मी उत्तर दिले नाही, कारण घोडामैदान जवळच होते.

शेतावर पोहोचल्यावर सगळ्यात आधी घोडे दिसतील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात प्रश्न समोर आले. इतर देशांत वापरलेले खोगीर, लगाम, चाबूक किंवा स्वारीचे हातमोजे बरोबर आणले आहेत का? आणले नव्हते. आपल्या देशात अलीकडे घोड्यांच्या सहवासात होतात का, आणि त्या वेळचे कपडे किंवा पादत्राणे आता अंगावर आहेत का? इथे मी अडकलो. माझ्या पायात जे चामड्याचे बूट होते तेच घालून मी डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारात दिवसभर लिदीतून फिरलो होतो. खोटे बोलण्याचा मोह क्षणभर झाला, पण मी खरे ते सांगितले. आमची गाइड, पंचविशीतली एक उंच मुलगी, हसली नाही. तिने ते बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधले, पिशवी आमच्या गाडीत ठेवायला लावली, मला साबणाने हात धुवायला सांगितले आणि रबरी बूट आणून दिले. माझ्या मुलीला हा सगळा प्रकार अपमानास्पद वाटला. मला मात्र त्या मुलीविषयी आदर वाटला, आणि पुढची दहा मिनिटे तिने जे सांगितले ते ऐकल्यावर तो वाढला.

आइसलँडमध्ये नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेकडून वसाहतकरी आले आणि त्यांनी आपल्या उघड्या होड्यांतून मोजकेच घोडे आणले. त्यांची लोकसभा, अल्थिंग, ९३० साली स्थापन झाली आणि ९८२ साली तिने बाहेरचे घोडे आणण्यास बंदी केली, असे तिथे मानले जाते. म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ या बेटावर एकच जात आहे, तिच्यात बाहेरचे रक्त नाही. या एकांतवासाचा तोटा असा की इतर देशांत सर्वसामान्य असलेले घोड्यांचे कितीतरी रोग इथे कधी पोहोचलेच नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही इथल्या जनावरांत नाही. २०१० साली श्वसनमार्गाचा एक संसर्ग पसरला तेव्हा तो पाहता पाहता देशभर गेला आणि घोड्यांचा राष्ट्रीय मेळा, ज्याला ते लान्ड्समोट म्हणतात, तो त्या वर्षी रद्द करून २०११ मध्ये भरवावा लागला. आपल्याकडे ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या भीतीने घोड्यांची ने-आण थांबवली जाते तेव्हा बाजारावर कशी अवकळा येते, हे ठाऊक असल्याने मला अधिक समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

तिचे पुढचे वाक्य मात्र मनाला लागले. इथून बाहेर गेलेला घोडा पुन्हा या देशात येऊ शकत नाही. विकलेला तर नाहीच, पण दर दोन वर्षांनी युरोपात होणाऱ्या जागतिक स्पर्धेसाठी नेलेला घोडासुद्धा नाही. देशातले सर्वोत्तम स्वार आपले सर्वोत्तम घोडे घेऊन जातात आणि जिंकोत वा हरोत, परत येताना एकटे येतात. तिच्या काकांनी असाच एक घोडा नेला होता. "मग ते गेलेच कशाला?" असे माझ्या मुलीने विचारले, त्यावर ती म्हणाली की तो घोडा तितका चांगला होता म्हणून.

कुंपणाआड वीसेक घोडे वाऱ्याकडे पाठ करून उभे होते. पहिल्या दृष्टिक्षेपात ते लहान वाटतात, कारण खांद्यापाशी त्यांची उंची साधारण साडेतेरा ते चौदा मूठ (एक मूठ चार इंचांची), म्हणजे आपल्या मारवाडी घोड्यापेक्षा चांगलीच कमी. आयाळ मात्र इतकी दाट की डोळे शोधावे लागतात, आणि हिवाळ्यातले जाड केस जूनमध्येही पोटाखाली झुबक्यांनी लोंबत होते. पत्नी सहज "पोनी" म्हणाली तेव्हा गाइडने नम्रपणे पण ताबडतोब दुरुस्ती केली. त्यांच्या भाषेत "हेस्तुर" म्हणजे घोडा, आणि हा घोडाच आहे. धिप्पाड पुरुषाला घेऊन तो दिवसभर चालतो. रंगांचा विषय निघाला तेव्हा आमचे गोत्र जुळले. आपल्याकडे जसे अबलक, कुमैत, मुश्की, नुकरा, सब्जा असे शब्द आहेत तशी त्यांच्याकडे रंगांची आणि खुणांची भली मोठी यादी आहे, आणि ऋतूप्रमाणे ज्याच्या अंगाचा रंग बदलतो अशा घोड्यालाही त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. माझ्या वाट्याला आलेल्या तांबूस घोड्याचे नाव ब्लेसी होते. ब्लेसी म्हणजे ज्याच्या कपाळावर पांढरा पट्टा आहे तो. आमच्या गावात त्याला टिक्या म्हटले असते.

लहानपणी मामांनी दिलेला एक धडा मला त्या क्षणी आठवला. ते अहिराणीत म्हणायचे, "घोडाना पाय नंतर दख, पहिले कान दख." मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान टोकांशी आत वळून एकमेकांना भिडतात आणि त्यांच्या हालचालीवरून जनावराच्या मनातले कळते. ब्लेसीचे कान आखूड, सरळ आणि लव भरलेले होते. मी खरारा करत असताना त्यातला एक माझ्याकडे वळला आणि तिथेच राहिला, तेवढ्यावर मी समाधान मानले.

डोक्यावर हेल्मेट, अंगात जलरोधक विजार आणि डगला अशा अवतारात आम्ही निघालो. पत्नी सरावलेल्या माणसासारखी ताठ बसली होती, आणि त्याचे कारण तिला विचारावे असे मला दिवसभर वाटत राहिले. समोर हेक्ला होता. १,४९१ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी २००० साली शेवटचा फुटला. त्या सकाळी त्याच्या माथ्यावर ढग बसलेला होता आणि खांद्यावर बर्फाचे पट्टे होते. वाट जुन्या लाव्ह्यावरून जात होती. तो लाव्हा राखाडी शेवाळाने झाकलेला, आणि मधूनच जांभळ्या ल्युपिन फुलांची शेतेच्या शेते. ही फुले मूळची अलास्काची. धूप थांबवण्यासाठी विसाव्या शतकात ती आणली गेली आणि आता आवरेनाशी झाली आहेत, हे ऐकून मला आमच्या बांधावरच्या गाजरगवताची आठवण झाली. गाजरगवत मात्र कोणी हौसेने आणलेले नाही.

पहिला अर्धा तास घोडे नुसते चालत होते आणि मला वाटले की हे तर सोपे आहे. मग गाइडने वेग वाढवला, ब्लेसी दुडकी धरून धावू लागला आणि माझी अवस्था खलबत्त्यातल्या शेंगदाण्यासारखी झाली. मी वर जात होतो तेव्हा खोगीरही वर येत होते आणि मी खाली येत होतो तेव्हा ते पुन्हा वर येत होते. पडू नये म्हणून मी पायांनी घोडा आवळला, त्याने त्याचा अर्थ "आणखी जोरात" असा घेतला, आणि घाबरून लगाम ओढल्यावर तो थांबून माझ्याकडे मान वळवून पाहू लागला. एकाच वेळी जा आणि थांब असे दोन हुकूम देणाऱ्या माणसाविषयी त्याचे मत काय झाले असेल, ते त्याच्या कानांवरून स्पष्ट दिसत होते.

गाइड मागे आली आणि तिने शांतपणे समजावले. बहुतेक घोड्यांना तीन चाली असतात: चालणे, दुडकी आणि दौड. इथल्या घोड्याला त्याखेरीज टोल्ट नावाची चौथी चाल असते, आणि काहींना स्केइथ नावाची पाचवी, जिच्यात एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने उचलले जातात आणि जी फक्त छोट्या अंतराच्या शर्यतीत वापरतात. टोल्टमध्ये चारही पाय वेगवेगळे आणि सारख्या अंतराने पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. कोणत्याही क्षणी निदान एक पाय जमिनीवर असतो, घोडा हवेत उसळत नाही, म्हणून स्वारही उसळत नाही. २०१२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात या क्षमतेच्या मुळाशी असलेला जनुकातला बदल सापडला. तो डीएमआरटी३ नावाच्या जनुकात आहे, आणि पाय हलवण्याचा ताल सांभाळणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशींशी त्याचा संबंध आहे. जनावर शिकवून तयार होते हे खरे, पण शिकवण्याजोगे काही त्याच्या रक्तात आधीच असावे लागते. मामांचे म्हणणे हेच होते. त्यांच्याकडे जनुकाचे नाव नव्हते इतकेच.

"मागे टेका, पाठ सैल सोडा, लगाम थोडा आखूड धरा आणि पोटऱ्यांनी नुसते आठवण करून द्या," असे ती म्हणाली. पहिल्या दोन प्रयत्नांत पुन्हा दुडकीच लागली. तिसऱ्या वेळी ब्लेसीने मान उंच केली, माझ्याखालची सगळी आदळआपट एकाएकी बंद झाली आणि खडीच्या रस्त्यावर चार समान ठोके अखंड वाजू लागले. वारा तोंडावर येत होता, कुंपणाचे खांब भराभर मागे जात होते आणि मी मात्र जिथल्या तिथे होतो. काय होत आहे हे समजायला मला काही क्षण लागले. ही रेवाल होती.

चाळीस वर्षे मी ती बाहेरून पाहत आलो होतो. सारंगखेड्याच्या बाजारात घोडेवाला गिऱ्हाईकासमोर घोडा रेवाल काढून दाखवतो, धूळ उडते, लोक वाहवा करतात, आणि मीही सवयीने मान डोलावत असे, कारण मामा डोलावत. पेल्यातल्या पाण्याची गोष्ट मला घोडेबाजारातल्या इतर दहा थापांसारखीच वाटत होती. आता माझ्याच कमरेला, मणक्याला आणि मांड्यांना ती कळत होती, आणि मामांनी १९८६ च्या त्या संध्याकाळी रिकाम्या दाव्यासह घरी आल्यावर जेवायला नकार का दिला होता, तेही. आइसलँडचा टोल्ट आणि आपली रेवाल तंतोतंत एक आहेत असा दावा जाणकार करणार नाहीत. पायांच्या पडण्यात फरक असतो, आणि तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. गाइडला मी पेल्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती मोठ्याने हसली, कारण त्यांच्याकडे बिअरचा भरलेला मग हातात धरून टोल्ट करण्याची चढाओढ असते आणि ज्याच्या मगात सर्वांत जास्त उरते तो जिंकतो. तापीकाठी पाणी आणि इथे बिअर, एवढा प्रादेशिक भेद मान्य करायला हवा.

दुपारी वाऱ्याच्या आडोशाला एका दगडी भिंतीपाशी थांबलो. घोड्यांचे लगाम काढून त्यांना चरायला सोडले होते. जेवणात फ्लाटकाका होती, म्हणजे राईच्या पिठाची, तव्यावर डाग पडेपर्यंत भाजलेली पातळ, गोल, काळसर पोळी. तिच्यावर धुरवलेले मेंढीचे मांस घालून देण्याची पद्धत आहे. आम्ही शाकाहारी असल्याने आमच्या वाट्याला लोणी आणि चीज आले. पत्नीने पिशवीतून शेंगदाण्याची कोरडी चटणी काढली. चटणी लावल्यावर ती पोळी आमच्या कळण्याच्या भाकरीची दूरची मावसबहीण निघाली, आणि गाइडनेही दोन वेळा मागून घेतली.

जेवता जेवता तिने एक गोष्ट अगदी सहज सांगितली, की त्यांच्याकडे घोड्याचे मांसही खातात. इसवी सन १००० च्या सुमारास अल्थिंगमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा निर्णय झाला तेव्हा ज्या मोजक्या जुन्या चालीरीतींना काही काळ सूट ठेवली गेली, त्यांत घोड्याचे मांस खाणे ही एक होती. माझा घास हातात राहिला. ज्या घोड्यासाठी हजार वर्षांचा कायदा, ज्याच्या कपाळावरच्या पट्ट्याला स्वतंत्र शब्द, तोच ताटात? पण मग मला बाजारातल्या त्या म्हाताऱ्या, लंगड्या घोड्या आठवल्या, ज्यांना शेवटच्या दिवशी मिळेल त्या भावाला देऊन टाकतात आणि त्यांचे पुढे काय होते हे विचारण्याची आपल्यात रीत नाही. मी मुकाट्याने घास खाल्ला.

दुपारनंतर घोडे बदलले. लांबच्या प्रवासात इथले लोक एकेका स्वारामागे दोन-तीन घोडे मोकळे पळवत नेतात आणि वाटेत आलटून पालटून बसतात, त्याचीच ही छोटी आवृत्ती. माझी दुसरी घोडी काळी आणि वयस्क होती, तिला माझ्या मताची गरज नव्हती. एक ओढा ओलांडायचा होता. "पाण्याकडे पाहू नका, पलीकडच्या काठाकडे पाहा," अशी सूचना होती आणि मी अर्थातच पाण्याकडे पाहिले. पाणी वाहत असताना आपणच आडवे सरकतो आहोत असे वाटते आणि पोटात खड्डा पडतो. घोडीने पाण्यात तोंड घालून सावकाश पाणी पिऊन घेतले, मग पलीकडे गेली. वरून सारखा कोणीतरी खिंकाळल्यासारखा थरथरता आवाज येत होता, आणि मी दोनदा मागे वळून घोडा शोधला. तो पक्षी होता. खाली झेपावताना शेपटीच्या पिसांतून तो हा आवाज काढतो, आणि त्यांच्या भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थच मुळी "घोडेकोकीळ" असा होतो.

शेवटच्या पट्ट्यात रस्ता सपाट होता. मुलीने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, झाकण काढलेली, काठोकाठ भरलेली. काळ्या घोडीने टोल्ट धरला आणि मुलीने शेजारून मोबाइलवर चित्रण केले. अर्धी बाटली सांडली, ती माझ्या हाताच्या चुकीने. घोडीकडे बोट दाखवायला जागा नाही.

साडेचारला उतरलो तेव्हा गुडघ्यांनी माझे ऐकणे सोडले होते आणि पत्नीने हात दिला म्हणून उभा राहिलो. ती स्वतः सहज उतरली होती. अखेर मी विचारलेच, तेव्हा कळले की लहानपणी आजोळी, साक्रीजवळ, ती खोगीर नसलेल्या तट्टावर बसून विहिरीवर जात असे. सव्वीस वर्षांच्या संसारात हे मला कोणी सांगितले नव्हते.

त्या रात्री दहा वाजताही बाहेर लख्ख उजेड होता. भारतात पहाट व्हायची वाट पाहून मी ते चित्रण मामांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवले. मामांचे वय आता पंचाऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांना दिसते कमी, म्हणून नातवाने मोबाइल त्यांच्या डोळ्यांपाशी धरला आणि त्यांनी ते तीनदा पाहिले, असे तो म्हणाला. बाटलीविषयी, माझ्या बसण्याविषयी किंवा बर्फाच्या डोंगराविषयी ते काही बोलले नाहीत. फोन कानाला लावून त्यांनी एवढेच विचारले, "खोगीर इतलं मांगे काबरं बांधेल शे?"

मी सांगितले की पुढचे खांदे मोकळे राहावेत आणि पाय उंच उचलता यावेत, म्हणून तिकडे खोगीर मागे घेतात. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी नातवाला ते चित्रण पुन्हा लावायला सांगितल्याचे मला फोनमधून ऐकू आले.